वकील नेमका कोणाचा?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"परवा बाबांना जाऊन चार महिने झाले. मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. बाबांचा एका मित्राबरोबर भागीदारीत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. दोघंच भागीदार. त्या मित्राला आम्ही लहानपणापासून काका म्हणतो. घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यांनी स्वतः कमावून बांधलेलं. घरामागच्या जागेवर शेजाऱ्याने अतिक्रमण केलं, त्याविरुद्ध बाबांनी लावलेला दावा नऊ वर्षं चालू आहे. एका ओळखीच्या माणसाने उसन्या पैशांपोटी बाबांना दिलेला चेक ते जाण्याच्या महिनाभर आधी परत आला होता. मृत्युपत्र सापडलेलं नाही. मागच्या आठवड्यात काकांनी आईसमोर एक दोन पानी कागद ठेवला. एक रक्कम घ्या आणि कारखान्याकडून आता काही येणं नाही असं लिहून द्या, म्हणाले. भाऊ म्हणतो, कामागणिक वेगळा वकील शोधत फिरायला नको. त्याने एका मोठ्या लॉ फर्मचं माहितीपत्रक पाठवलं आहे. दिवाणी, फौजदारी, मालमत्ता, वारसा, कर, कंपनी, लवाद, कामगार, बौद्धिक संपदा असे बारा विभाग आहेत त्यात. फी मी भरतो, म्हणतो. काकांनीही त्याच फर्मची शिफारस केली, कारखान्याचे दोन करार तिथेच झाले होते म्हणे. आईचा भरवसा मात्र बाबांच्या जुन्या वकिलांवर. त्या यादीतलं मला निम्मंही कळत नाही. आम्हाला यातलं काय लागेल? आणि सगळं एकाच ठिकाणी द्यावं का?"

प्रिय ताई,

तुम्ही विचारलंय फर्मबद्दल, पण माझी नजर नऊ वर्षं चालू असलेल्या दाव्यावर अडकली. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल. हे थांबणार नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

दिवाणी दाव्यातला वादी वारला की त्याच्या वारसांनी 90 दिवसांत अर्ज देऊन स्वतःची नावं लावून घ्यायची असतात. याला वारस रेकॉर्डवर आणणं म्हणतात. ती मुदत गेली की मयतापुरता दावा आपोआप संपतो, कोर्टाने वेगळा हुकूम करावा लागत नाही. वकील मंडळी 'दावा अबेट झाला' म्हणतात ते हेच. मग त्याच कारणावरून नवा दावाही लावता येत नाही. सुटका एवढीच, की त्यानंतरच्या 60 दिवसांत अर्ज केला तर पडलेला दावा पुन्हा उभा करता येतो. 90 आणि 60 मिळून 150. तुमचे 120च्या वर गेलेत. म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे. 150 दिवस उलटल्यावरही विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तेव्हा उशिराची कारणं देत कोर्टाला पटवावं लागतं, आणि समोरचा शेजारी गप्प बसणार नाही. आईचं किंवा तुमच्यापैकी कोणाचं नाव त्या दाव्यात आधीपासून वादी म्हणून असेल, तर परिस्थिती बरीच बरी आहे. तेही तपासा.

उद्या सकाळी जुन्या वकिलांना फोन करा आणि वारसांचा अर्ज दिला का, एवढंच विचारा. तुम्हा तिघांपैकी कोणीही नव्या वकीलपत्रावर सही केली नसेल, तर अर्ज गेलेला नाही असंच धरून चाला. बाबांनी दिलेलं वकीलपत्र बाबांबरोबरच संपलं. त्यानंतर त्या वकिलांकडे उरतं ते निधनाची माहिती कोर्टाला कळवण्याचं काम. दाव्याच्या एखाद्या जुन्या कागदावर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, सापडेल. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकलात की शेवटच्या तारखेला काय घडलं आणि पुढची तारीख कोणती, हे घरबसल्या दिसेल. भाऊ येईपर्यंत वाट पाहू नका. एका वारसालाही अर्ज देता येतो, बाकीच्यांची नावं त्यात लिहायची. मृत्यूच्या दाखल्याची नक्कल सोबत न्या.

आणि हे काम जुन्या वकिलांनाच करू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ वर्षांच्या दाव्यात कुठला साक्षीदार काय बोलला, मोजणीचा नकाशा कोणी आणि कधी काढला, शेजाऱ्याच्या कैफियतीत, म्हणजे त्याने कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात, कुठे खोट आहे, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं. नव्या कार्यालयात ती फाईल गेली की पहिले काही महिने ती वाचण्यातच जातील. आईचा भरवसा मला तरी भाबडा वाटत नाही.

काकांच्या त्या दोन पानी कागदावर आईने सही करायची नाही. आज नाही, आणि "नुसतं वाचल्याची सही करा" म्हणाले तरी नाही. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कारखाना बंद पडू नये याची घाई त्यांना असेल, त्यांचंही पोट त्यावर आहे. पण दोघांच्या भागीदारीत एक गेला की भागीदारी संपते, कारण एकट्याची भागीदारी असूच शकत नाही. मग हिशेब व्हावा लागतो. बाहेरच्यांची देणी आधी, मग भागीदारांनी घातलेल्या उसनवाऱ्या, मग भांडवल आणि उरलेलं दोघांच्या वाट्यानुसार. यंत्रं, माल, येणी यांच्याबरोबर कारखान्याच्या नावाची पत, म्हणजे गुडविल, तीही त्या हिशेबात धरायची असते. तो हिशेब न करताच काका कारखाना चालवत राहिले, तर 1932च्या भागीदारी कायद्याच्या कलम 37ने वारसांना एक निवड दिली आहे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. बाबांच्या हिश्श्याच्या जोरावर निधनानंतर झालेल्या नफ्यातला वाटा मागा, नाहीतर हिश्श्याच्या रकमेवर दर साल 6 टक्के व्याज. काकांनी सांगितलेली रक्कम रास्त आहे की नाही, हे हिशेब पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. बाबा गेल्यानंतर कारखान्याने केलेल्या नव्या व्यवहारांचा बोजा बाबांच्या मालमत्तेवर येत नाही, हेही लक्षात असू द्या. मात्र बाबांनी हयातीत कारखान्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती का, घर तारण ठेवलं होतं का, हे बँकेत जाऊन लेखी विचारा.

चेकचं थोडक्यात सांगते. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, मग समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. बाबांनी नोटीस दिली होती का ते त्यांच्या कागदांत पाहा, पोस्टाची पावती एखाद्या पाकिटात असेल. दिली नसेल तर ती वाट बहुधा बंद झाली. पण पैसे बुडाले असं नाही. दिवाणी वसुलीला साधारण 3 वर्षं असतात. त्यासाठी पैसे दिल्याची तारीख आणि चेकवरची तारीख, दोन्ही शोधून ठेवा. मयताचं येणं वसूल करायचं तर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र (सक्सेशन सर्टिफिकेट) काढावं लागेल, त्याशिवाय कोर्ट तुमच्या बाजूने हुकूमनामा करत नाही.

आता यादीकडे वळू.

आपल्याकडे वकिलीची सनद एकच असते, आणि तिच्यावर शाखा लिहिलेली नसते. दिवाणी चालवा, फौजदारी चालवा, कंपन्यांचे करार करा, सनद तीच. माहितीपत्रकावरचे बारा विभाग म्हणजे त्या कार्यालयाने कामाची केलेली आपली वाटणी आहे. कुठल्या सरकारी यंत्रणेने त्यांची परीक्षा घेऊन ती नावं दिलेली नाहीत. वकिलांची सनद आणि शिस्त पाहणाऱ्या बार कौन्सिलचे नियम तर वकिलांना जाहिरातच करू देत नाहीत. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच देण्याची मुभा 2008मध्ये मिळाली. त्यामुळे यादी लांब आहे यावरून ते काम तिथे चांगलं होतं, असं काही ठरत नाही. एखाद्या विभागात आठ वकील असतात आणि एखाद्या विभागाचं नाव एकाच माणसाच्या जिवावर चालू असतं. प्रत्येक विभागात किती जण आहेत, हे विचारायला संकोच करू नका.

तुमच्या कामाचे विभाग चार. वारसा आणि मालमत्ता हे तुमच्यासाठी एकच काम आहे. हिंदू वारसा कायदा लागू होत असेल, तर बाबांच्या स्वकष्टार्जित घरात मृत्युपत्राअभावी आई, तुम्ही आणि भाऊ यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. फेरफार होऊन सरकारी दप्तरात तिघांची नावं लागतील, पण ती महसुली नोंद असते. मालकी त्या नोंदीने येत नाही आणि नोंद चुकली म्हणून जातही नाही. उद्या कोणी आपला हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र करून ते नोंदवावंच लागतं. साध्या कागदावर किंवा नुसत्या नोटरीसमोर केलेल्याला काही अर्थ नाही. कोणी तसं सुचवलं तर सावध व्हा.

यादीत तुम्हाला 'कंपनी व व्यापारी' हा विभाग परका वाटला असेल, पण काकांचं काम तिथलं. भागीदारीचं करारपत्र वाचणं, ताळेबंदावरून हिश्श्याचा अंदाज काढणं, काकांशी बोलणी करणं आणि तडजोडीचा मसुदा लिहिणं, हे रोज कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलापेक्षा रोज करार करणारा वकील बरं करतो. 'लवाद' म्हणजे काय, असं तुम्ही पत्रात वेगळं विचारलं होतं. वाद कोर्टाऐवजी दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या त्रयस्थापुढे सोडवायचा, हा लवाद. बाबांच्या करारपत्राच्या शेवटच्या पानांत तसं कलम आहे का, पाहा. असेल तर ते बाबांच्या निधनाने संपत नाही, वारसांनाही बांधतं. मग कोर्टात दावा लावून वेळ आणि पैसा घालवण्यात अर्थ नसतो, कारण काकांनी वेळेवर हरकत घेतली की कोर्ट तुम्हाला लवादाकडेच पाठवेल. तसं कलम नसेल आणि वादाची रक्कम 3 लाखांच्या वर असेल, तर प्रकरण व्यापारी न्यायालयाकडे जाईल, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा सक्तीचा आहे. काकांशी असलेलं नातं पाहता मध्यस्थीची वाट तुम्हाला मानवेल असं मला वाटतं.

चौथा विभाग कराचा. वारशाने घर मिळालं म्हणून आपल्याकडे कर लागत नाही. मृत्युकर होता, तो 1985 साली उठला. पण बाबांच्या शेवटच्या काळाचं विवरणपत्र वारसांपैकी कोणीतरी वारस म्हणून नोंद करून भरायचं असतं. बाबांकडे कर निघालाच, तर तुमची जबाबदारी त्यांच्याकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच राहते. फर्ममध्ये हे काम सनदी लेखापाल करत असतील तर त्यांचं बिल वेगळं येईल का, विचारा. वकिलाला वकील नसलेल्या माणसाबरोबर भागीदारी किंवा फीची वाटणी करता येत नाही, त्यामुळे एकाच छताखाली बसले तरी ती माणसं त्या फर्मचे भागीदार नसतात.

कामगार विभाग लागेल तो कारखाना खरोखर बंद करायची वेळ आली तरच, तेव्हा कामगारांची देणी आधी. बौद्धिक संपदेचं एवढंच विचारून घ्या, की कारखान्याच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी कोणाच्या नावे आहे. बाकी विभाग विसरा.

मग चार विभाग एकाच ठिकाणी असण्याचा फायदा काय? आहे, आणि मोठा आहे. पण तो आपोआप मिळत नाही. मी अशाच एका अनेक विभागांच्या कार्यालयात अकरा वर्षं काम केलं. तिथली एक गोष्ट मला अजून टोचते. एक बाई आपल्या भावासाठी वडिलोपार्जित घरातला हिस्सा सोडणार होत्या, भाऊ त्यापोटी त्यांना रक्कम देणार होता. हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्याकडे होता. भाऊ-बहिणीत वाद नाही, म्हणून त्या फाईलीला घाई नाही असं धरून ती माझ्या टेबलावर तीन महिने पडून राहिली. शेवटी दस्त नोंदवला, सगळे समाधानाने घरी गेले. पुढच्या विवरणपत्राच्या वेळी त्याच बाई आमच्या कर विभागात आल्या, तेव्हा कळलं की पैसे घेऊन हिस्सा सोडला म्हणजे त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. घर विकून आलेल्या नफ्यातून दुसरं घर घेतलं तर त्यात सूट मिळते, पण दुसरं घर व्यवहाराच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षं, एवढ्या काळात घेतलेलं लागतं. त्यांनी नवं घर घेतलं होतं दस्ताच्या 14 महिने आधी. दोन महिन्यांनी सूट हुकली. माझ्या टेबलावर फाईल तीन महिने होती. कर विभागाचं दार माझ्या खोलीपासून अकरा पावलांवर होतं. मी एकदाही उठून विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं हे कोणी मला सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर तिथे प्रत्येक हक्कसोडपत्राच्या फाईलीला आतून एक पिवळा कागद टाचला जाऊ लागला. त्यावर कर विभागाची सही झाल्याशिवाय मसुदा टायपिंगला जात नसे. एकदा अशाच एका फाईलीवर तिथल्या सहकाऱ्याने पेन्सिलीने फक्त "पैसे कोणत्या तारखेला?" एवढं लिहून ती परत पाठवली. त्या तीन शब्दांवरून आम्ही दोन दस्तांचा क्रम उलटा केला, आणि पक्षकाराचा कर वाचला. विभाग बरेच असण्याचा खरा उपयोग हा, ताई. एका खोलीतल्या कामाचा धागा दुसऱ्या खोलीत जातो आहे हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. म्हणून पहिल्या भेटीत विचारा, की आमच्या चारही कामांवर मिळून नजर ठेवणारा एक वकील कोण, आणि विभाग एकमेकांची फाईल पाहतात का. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर एकाच छताखाली चार वेगळी दुकानं आहेत असं समजा. मग जुने वकील, एक करारांचा जाणकार आणि एक लेखापाल असे तिघं तुम्हीच निवडलेले बरे.

या विशिष्ट फर्मबद्दल मात्र मला दोन अडचणी दिसतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली काकांची. कारखान्याचे दोन करार त्या फर्मनेच केले, म्हणजे कारखान्याचे वकील म्हणून त्यांच्याकडे काकांचीही माहिती आहे. ज्या कामात एका बाजूला सल्ला दिला त्याच कामात वकिलाने उलट्या बाजूने उभं राहायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. ते करार आणि आजचा हिश्श्याचा प्रश्न यांचा किती संबंध आहे, हे करार पाहिल्यावरच कळेल. पण विभाग वेगळा आहे, मजला वेगळा आहे, हे उत्तर मी तरी स्वीकारणार नाही. तुम्ही काही सांगण्याआधी, अगदी पहिल्या फोनवरच, काकांचं आणि कारखान्याचं नाव सांगा आणि विचारा, की यांच्याविरुद्ध तुम्ही आमचं काम घेऊ शकता का. चांगली फर्म आपल्या नोंदी तपासून एक-दोन दिवसांत हो किंवा नाही सांगते. काका आता स्वतःच तिची शिफारस करत आहेत, तर काकांशी असलेलं हिश्श्याचं काम बाहेरच द्यावं असं माझं मत. घर आणि कराचं काम त्या फर्मकडे जाऊ शकतं.

दुसरी अडचण बोलायला जड आहे. फी भाऊ भरणार, माहितीपत्रक भावाने निवडलं, पहिली भेट बहुधा भावाच्या सोयीने ठरेल. मग त्या फर्मचा अशील कोण? तुम्ही तिघं, की भाऊ एकटा? तुमच्या भावाच्या मनात काही आहे असं मला सुचवायचं नाही, पत्रातून तो कळवळ्याचा वाटतो. पण घराचं पुढे काय करायचं यावर तुम्हा तिघांचं आज एकमत आहे का, हे पत्रात कुठेच नाही. आईला तिथेच राहायचं आहे, भावाला कदाचित विकायचं असेल, आणि तुम्हाला काय हवं आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सगळ्यांचं एकमत असेल तर तिघांसाठी एकच वकील चालतो. मतं वेगळी असतील तर तोच वकील तिघांना सारखाच प्रामाणिक सल्ला देऊ शकणार नाही, त्याची कितीही इच्छा असली तरी. म्हणून नेमणुकीच्या पत्रात अशील म्हणून तिघांची नावं असू द्या, कोणाच्या सांगण्यावरून काम चालेल ते लिहिलेलं असू द्या, आणि आपसात मतभेद झाला तर ही फर्म त्या प्रश्नावर तिघांपैकी कोणाचंच काम करणार नाही असं एक वाक्य त्यात घालून घ्या. पैसे कोणीही भरू दे, भरणारा म्हणून तो एकटा अशील होत नाही.

तुमच्या आणि आईच्या हक्कासाठी स्वतंत्र सल्ला लागला तर खर्चाची भीती बाळगू नका. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलेला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. 15100 या क्रमांकावर फोन केलात तरी माहिती मिळते.

फीचं बोलणं पहिल्याच भेटीत करा. दर तासाला, दर तारखेला, टप्प्याटप्प्याने की सगळ्या कामाची मिळून, हे लेखी घ्या. मुद्रांक शुल्क, नोंदणी, कोर्ट फी, नकला हे सगळं फीच्या बाहेर असतं. ज्येष्ठ वकील, म्हणजे न्यायालयाने 'सिनिअर' असा दर्जा दिलेले, उभे करायचे झाले तर त्यांची फी आणखी वेगळी, कारण ज्येष्ठ वकील स्वतः वकीलपत्र घेत नाहीत, दुसऱ्या वकिलाबरोबरच उभे राहतात. "मिळेल त्यातले इतके टक्के द्या" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. निकालावर अवलंबून फी ठरवायला आपल्याकडे वकिलांना मनाई आहे. पहिल्या भेटीला जो अनुभवी भागीदार गोड बोलेल तोच तुमचे मसुदे लिहील असं नाही, बहुतेकदा ते काम हाताखालचा ज्युनिअर करतो. त्यात वावगं काही नाही. पण त्याचं नाव आणि फोन नंबर तुमच्याकडे हवा, आणि त्याने लिहिलेलं वरच्याने वाचलं का हे विचारायचा हक्कही तुमचा आहे.

पुढे नाहीच जमलं तर वकील केव्हाही बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं आहे. फीचा वाद वेगळा, कागद तुमचे. वकिलाच्या कामात खोट वाटली तर ग्राहक मंचात जाण्याची वाट 2024च्या निकालाने बंद केली, आता गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची.

जुन्या वकिलांना तुम्ही दुसरीकडे सल्ला घेताय हे स्वतःहून सांगा. लपवून ठेवलंत तर दाव्याच्या फाईलीतले कागद मिळवताना उगाच कडवटपणा येईल. काकांनाही फोन करा, आईला नको, तुम्हीच करा. कागद वकिलाला दाखवल्यावर कळवतो, तोवर मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि बाबा गेले त्या दिवसापर्यंतचा हिशेब द्या, एवढंच म्हणा. हिशेब द्यायला ते किती दिवस लावतात, त्यावरून पुढे कोणत्या वकिलाची गरज लागेल हे बरंचसं उमजेल.

आणि भागीदारीचं मूळ करारपत्र कारखान्यात असेल तर ते, नाहीतर निदान त्याची खरी नक्कल, या आठवड्यात घरी आणा. कुठल्याही कार्यालयात मूळ कागद ठेवून येऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत आणा. ठेवावाच लागला तर यादी करून पोचपावती घ्या. दाव्याचा अर्ज दाखल झाला की मला दोन ओळी लिहा, माझं लक्ष तिकडे लागलं आहे.